एकशे वीस सेंटिमीटर

पाथर्डी फाट्यापासूनच अद्वय विचारत होता, आलं का.
पार्कच्या दारात लाकडी अस्वल,
छातीवर लाल रेघ : एवढी उंची हवी.
अद्वय रेघेच्या वीतभर खाली.
जुई तर अजून उभीच राहत नाही.

तिकिटं तीन, जुई फुकट,
सामान मात्र सगळ्यात जास्त तिचंच :
लंगोट, नाचणीसत्त्व, गरम पाण्याचा थर्मास,
आणि एक टोपी, जी ती घालू देत नाही.

दुपारपर्यंत आम्ही
पाय धुवायच्या नळापाशीच.
नळ चालू. नळ बंद. नळ चालू.
"हा तर आपल्या मोरीतही आहे," हृषी म्हणाला.
मग म्हणाला, "तू जाऊन ये. मी बघतो दोघांना."

जिना चढताना हात कुठे ठेवावेत कळेना.
कडेवर कोणी नाही, बोटाला कोणी नाही.
वरून पांडवलेणीचा डोंगर दिसला,
हायवेवर कांद्याचे ट्रक,
आणि छत्रीखाली तीन ठिपके, माझे.

शिट्टी वाजली.
अकरा सेकंद मी कोणाची कोणी नव्हते.
ओरडले ते नववीतल्या आवाजात,
तो अजून आहे हे माहीत नव्हतं.

खाली आदळले, नाकात पाणी,
आणि लांब कुठलंतरी बाळ रडलं.
जुई नव्हती.
तरी पान्हा फुटला.
तेवढ्या निळ्या पाण्यात
कोणाला काय कळणार होतं.

काठावर जुई गाढ झोपलेली.
अद्वयने मला खालून वर निरखलं :
"आई, तू अस्वलापेक्षा मोठी आहेस?"

हो म्हणाले.
थोडीशी.