भिंतीसाठी करवत

आसगावहून इतक्या लांब रिवणला आलात,
तर आधी सोप्यावर बसा. चहा ठेवलाय.
तिन्ही मशिनी पोत्यावर काढून ठेवल्यात,
हात लावून बघा, फक्त दात सोडून.

ही पांढरी-नारंगी. माझी पहिली.
सावर्ड्याच्या खाणवाल्याकडून घेतली, अर्धे पैसे रोख,
उरलेल्या अर्ध्यात त्याच्या बंगल्यामागचे चार सुरू पाडून दिले.
लिटरभर पेट्रोलला वीस मिली तेल, थेंब इकडेतिकडे नाही.
चोक ओढायचा, दोन हिसके,
खोकली की चोक आत, तिसऱ्याला उठते.
डिसेंबरात पाचव्याला.
डिसेंबरात मीही तसाच.

ही तांबडी.
वादळाच्या रात्री करमलच्या घाटात
एकोणीस झाडं आडवी पडली होती,
आणि माझ्या पाठीमागे, मडगावला निघालेल्या रुग्णवाहिकेत
आगोंदची एक बाळंतीण.
अठरावं कापून बाजूला लोटलं,
मशीन बंद केली, तेव्हा आतून रडणं ऐकू आलं.
एकोणिसावं मी सावकाश कापलं.

आणि ही, फोटोत पाहून तुम्ही जिच्यासाठी आलात.
झाकण फुटलेलं, पातं वाकडं,
साखळी नाहीच.
चांदरला एर्मेलिंद बायच्या अंगणातला मानकुराद,
मुळाशी पोकळ, घरावर कललेला.
बोस्त्यांव दोर धरून, मी खाली गुडघ्यावर.
अर्ध्यात गेलो आणि आत लोखंड लागलं.
ठिणगी. साखळी तुटली ती थेट बोस्त्यांवच्या गालावर.

सात टाके पडले. आता तो स्विंडनला गोदामात खोकी उचलतो,
व्हिडिओवर बोलताना मुद्दाम तो गाल पुढे करतो.

लोखंड म्हणजे कडी होती. झोपाळ्याची.
बाय पाच वर्षांची असताना बापाने ठोकलेली,
साठ वर्षांत झाडाने गिळून टाकली.
तापलेली कडी तिने हातात घेतली, टाकली नाही.
म्हणाली, आज पुरे.

अर्धं कापलेलं झाड कुणी रात्रभर उभं ठेवत नाही.
आम्ही ठेवलं.
दवाखान्यातून गाल बांधून बोस्त्यांव परत आला,
आणि दोघं दोर ताणून बसलो पहाटेपर्यंत.
पान हललं की उठायचो.
बाय खिडकीत होती. दिवा लावला नव्हता तिने.

सकाळी दुसरी मशीन आणून काम उरकलं.
मजुरी दिली. कडी ठेवून घेतली.

हँडलला बांधलंय ते काय म्हणता?
झावळीचा खुरीस. बोस्त्यांवने जाताना बांधला.
दसऱ्याला मी तिघींना झेंडूची माळ घालतो,
हिची गाठ खुरसाच्या वरून जाते. चालतं.

बारा हजार हिचे, आणि चालतीचे चार?
हसू येतं बाब, राग मानू नका.
जन्मभर मला झाड पाडण्याचेच पैसे मिळाले,
न पाडण्याचा भाव इतका चढलाय हे कळलं नव्हतं.
तुमच्या हॉटेलात भिंतीवर टांगणार, खाली पिवळा दिवा,
लोक कोलंबी सोलता सोलता वर बघणार.

विकतो कशाला, तर हे बघा.
बोटं. या तीन बोटांत सकाळी रक्त येत नाही, पांढरी पडतात,
शर्टाची बटणं बायको लावते.
कुडचड्याचा डॉक्टर म्हणाला, मशीन सोड.
सोडून आठ महिने झाले.
ही कपबशी वाजतेय ना, ती अजून तीच वाजवतेय.

हिला राहू दे.
पांढरी न्या. चारच द्या, भाव तुम्हीच केलात.
पण एक अट घालतो:
महिन्यातून एकदा भिंतीवरून खाली काढायची,
अंगणात नेऊन ओढायची.
दोन हिसके, चोक आत, तिसऱ्याला उठेल.
खोकू द्या तिला मनसोक्त.
गिऱ्हाइकं जेवत असली तरी.