खोलीचे तापमान

पुस्तकात लिहिलंय: खोलीचे तापमान, पंचवीस अंश.
ही खोली कुठल्या गावी असते, मयेकर?
माझगावच्या आमच्या प्रयोगशाळेत
मे महिन्यात दुपारी दोनला पारा तेहतिसावर बसतो
आणि पंखा तोच वारा पुन्हा पुन्हा वाटत राहतो.
नळाचं पाणी कोमट. बाटलीतलं डिस्टिल्ड कोमट.
खिडकीतलं खोबरेल मी सहा वर्षांत
एकदाच गोठलेलं पाहिलं, जानेवारीत,
आणि तेही तास सुरू होईतो
कडेकडेने सुटून पुन्हा तेल झालं होतं.

बर्फाचं यंत्र फेब्रुवारीपासून बंद.
लवू मयेकर पहाटे भाऊच्या धक्क्यावर जातात,
गोणपाटात बांधून लादीचा तुकडा आणतात,
फोडतात मागच्या मोरीत.
त्यात कधी एखादं खवलं चमकतं.
पहिल्यांदा मी हरकत घेतली होती.
"बाई, बर्फ मासळेचो असो नायतर कॉलेजचो,
इतळताना शून्यच दाखयता."
थर्मामीटर घातला. शून्य.
मग त्यांनी मूठभर खडेमीठ टाकलं
आणि पारा शून्याच्याही खाली गेला,
मांजर पायरी उतरतं तसा, आवाज न करता.

कागदावर पेन्सिलीची फुली, फुलीवर बीकर.
थायोसल्फेटमध्ये आम्ल ओतायचं, घड्याळ लावायचं.
गंधकाचं दूध दाटत जातं
आणि वरून बघता बघता फुली बुडते.
पुस्तकात बावन्न सेकंद. आमच्याकडे एकतीस.
"आपलं चुकलं," निनाद म्हणाला.
आठ अंशांचा फरक आहे रे, रेणू उन्हात पळतात.
बावन्न लिहिलंस तर बाहेरचे परीक्षक खूश होतील.
तू एकतीस लिही.

तिसरा प्रयोग थुंकीचा, म्हणून वर्गात हसू.
तीन नळ्या, तिन्हींत स्टार्चचं गढूळ पाणी आणि लाळ:
एक बर्फात, एक सदतिसाला,
एकीतली लाळ आधीच उकळून घेतलेली.
दर मिनिटाला एक थेंब टाइलवर, आयोडीनमध्ये.
सदतिसाची निळाई चौथ्या थेंबाला तपकिरी,
सातव्याला नाहीच.
बर्फातली निळीच. उकळलेली निळीच.
गारठलेलं आणि मेलेलं बाहेरून एकाच रंगाचं,
हे मला दरवर्षी खटकतं.
(माझी बहीण डोंबिवलीला असते. सहा वर्षं झाली.)

मग त्या दोन्ही सदतिसाला ठेवायच्या.
बर्फातली हळूहळू रुळते,
उशिरा आलेल्या कामगारासारखी मान खाली घालून
उरलेलं काम उरकत नेते.
उकळलेली तशीच.
पाच मिनिटं. दहा.
झुलेखा मुकादमला ते पटत नव्हतं.
"मॅडम, अजून थोडं थांबू?"
घडी एकदा विस्कटली की प्रथिनाला ती आठवत नाही,
असं मी सांगू शकले असते;
उकडलेल्या अंड्याचं उदाहरण तर तोंडावरच असतं.
पण वॉटर बाथवरचा विश्वास उडून
तिने नळी मुठीत धरली होती,
मूठही साधारण तेवढ्याच अंशांची.
थांब, म्हटलं.

साडेपाचला तिने विसावा थेंब टाकला.
वहीत लिहिलं: निळा.
खालचा 'निळा' वरच्या 'निळा'पेक्षा जरा लहान अक्षरात.

सगळी काच धुतली, तिची नळी तेवढी स्टँडमध्ये राहू दिली.
या उकाड्यात रात्रीतून हवेतलं काहीबाही तिच्यात वाढेल,
उद्या निळाई कदाचित जाईलही,
पण ते काम त्या लाळेचं नसेल.
तिला हे सांगावं का, ठरलं नाही.

मयेकर उरलेला बर्फ पिशवीत भरत होते.
तळाशी, सकाळपासून कुणाच्या नजरेला न पडलेले,
चार बोंबील.
"चेंबूरपर्यंत टिकतले," ते म्हणाले,
आणि बोट लावून पाहिलं,
थर्मामीटर हाताशी असून.