बाहेरचे

शरणपूरला उपासनेनंतर मंडळीची सभा बसली :
कंपाउंडची भिंत दोन फूट वाढवायची, वर काचा.
नळावर बाहेरचे येतात म्हणे,
पालातले, गंगेवरचे फुगेवाले, कुणीही.

अलीशिबा आढाव, चष्म्याला दोरा बांधलेली,
मागच्या बाकावरून उठली.
"बाहेरचे म्हंजी कोण?
माझी खापरपणजी दुष्काळात
ह्याच फाटकातून आत आली,
पोर कडेवर, ओठ फुटलेले.
आधी पाणी दिलं तिला.
नाव नंतर विचारलं."

ठराव पुढच्या रविवारवर गेला.
कोटेशन गीतांच्या पुस्तकात तसंच राहिलं.

सोमवारी कुणीतरी गळका नळ नीट केला.
खजिनदार ओहोळ वायसरचे बारा रुपये लिहायला बसले,
रकाना शोधत जरा थांबले,
आणि मग
'इतर'मध्ये टाकले.