पोचा

बेचाळीस हजार.
त्यातले सहा मावशीचे, दिवाळीआधी परत.
म्हणजे छत्तीसच धर,
असं शालिमारच्या चौकात मी स्वतःला दोनदा बजावलं
आणि जिना चढले.

ग्यासुद्दीनभाईंच्या काचेत तीन बॉड्या.
फुल फ्रेमकडे मी बघितलं नाही.
बघितलं, पण सराफ बाजारातून जाताना बघावं तसं,
चाल न मोडता.

पहिली स्वस्त, पण चार के लावलं
की चित्र चहूबाजूंनी कापते:
नवरी येते, करवली जाते.
दुसरी एकोणतीस मिनिटांनी आपोआप बंद.
आमच्याकडे मुहूर्त बाराचा असतो
आणि मुलीचा मामा साडेबारापर्यंत द्वारकेला अडकलेला.
तिसरी तापत नाही, थांबत नाही,
माइकची खाच आहे, स्क्रीन बाहेर वळतो,
फक्त हात हलला की जग हलतं.
"मग हलवू नका," भाई म्हणाले.
चौतीस हजार. बॅटरी एकच.

उरले आठ. आठात लेन्स.
झूमचं नाव काढलं तर त्यांनी चहा मागवला.
मग खालच्या खणातून, मखमली पिशवीतून
एक पन्नासची निघाली, माझ्या जन्माआधीची,
सगळी धातूची, फोकस हातानंच.
अडाप्टर धरून साडेसात.
"बुरशी नाही. टॉर्च मारून बघा."
मारला. आत एक केस, दोन कण धुळीचे.
रिंग मात्र फिरली ती पौषातल्या मधासारखी,
सावकाश, कुठेही न अडखळता.

तासभर बाहेर नेऊन बघते म्हटलं.
आधार कार्ड त्यांच्या गल्ल्यात राहिलं.

तांबट लेनमध्ये दुपार म्हणजे नुसता आवाज.
निजामपूरकर काका बंबाच्या पोटावर हातोडी चालवत होते.
मी रिंग फिरवली: हात धूसर, हातोडी धूसर,
आणि एकाएकी प्रत्येक ठोक्याची खूण सुटी सुटी,
माशाच्या खवल्यांसारखी,
मागे कॅलेंडरातले देव विरघळलेले.
आवाजाचे काटे लाल. कमी केला, तरी लाल.

"केवढ्याचं?" हातोडी न थांबवता.
सांगितलं.
"तीन बंब," ते म्हणाले. "वर एक घागर."
मग हातोडी खाली ठेवून हात पुढे केला. "बघू."
मला वाटलं कॅमेरा. त्यांना लेन्स हवी होती.
काढून दिली,
बॉडीच्या उघड्या तोंडावर तळहात धरून उभी राहिले
गल्लीतल्या धुळीला भिऊन.

काचेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.
पुढच्या कडेवरून अंगठा फिरवला,
एकदा सुलटा, एकदा उलटा.
"पडलीय ही. इथं पोचा होता.
आतून लाकूड लावून काढलाय कुणीतरी,
पंधरा-वीस ठोक्यांत. घाई केली असती तर चिरली असती."
मला काहीच दिसेना.
"कुणी काढला असेल?"
"मला काय ठाऊक. हात बरा होता."

परतताना जिन्यावर घासाघीस पाठ केली.
पडलेली आहे, हजार कमी करा.
भाईंनी कडेवरून अंगठा फिरवला, काही लागलं नाही,
तरी सातशे सोडले,
निजामपूरकरांचं नाव घेतलं म्हणून असेल.
उरलेल्या बाराशेत कार्ड.

रात्री सिडकोत, जेवणं झाल्यावर,
फुटेज उघडलं. हातोडीचे आवाज सगळे फाटलेले.
फोकस दोनदा लागला, सातदा चुकला.
बंद करणार तोच कळलं,
मी बटण दाबायलाच विसरले होते.

चार मिनिटं दहा सेकंद
लेन्स नसलेला कॅमेरा चालू:
माझ्या बोटांच्या फटींतून शिरलेलं ऊन,
एक लालसर अंधार, त्यात काहीच नाही,
आणि काटे प्रथमच हिरव्यात.
शेजारच्या दुकानातली ठोकाठोक लांब गेलेली.
"...घाई केली असती तर," असं स्वच्छ ऐकू येतं,
आणि त्याआधी
धातूवरून कोरडा अंगठा फिरल्याचा आवाज.

उद्या मखमलाबादला हळद आहे.
बॅटरी चार्जिंगला लावली.
ते चार मिनिटं दहा सेकंद
अजून पुसलेले नाहीत, कार्डात जागा कमी आहे.