सहा घरं

भिंग जर्मन आहे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठं.
भाकरे सरांनी त्यानं शाळेची गॅदरिंगं काढली,
निवृत्तीच्या दिवशी माझ्या हातात दिलं.
म्हणाले, बुरशी लागू देऊ नको,
तांदळाच्या डब्यात ठेवत जा.

कॅमेरा नवा. म्हणजे सीताबर्डीवरून
जुनाच घेतलेला, हप्त्यानं.
त्याला हे भिंग दिसत नाही.
लावलं की पडद्यावर तीन आडव्या रेघा:
कोणी नाही.

नाव नसलं तरी फोटो निघतो.
फक्त कडा जांभळ्या पडतात.
मधे नवरानवरी ठीक, मामा ठीक,
टोकाला उभ्या राहिलेल्या बाया
पाण्यात बुडून आल्यासारख्या.
अड्याळच्या लग्नात एकीनं विचारलं,
"काहून रे भाऊ, मीच कायले अशी आली?"

उपाय आहे.
भिंगाच्या बुडाशी, जिथं ते कॅमेऱ्यात बसतं,
त्या चकचकीत कड्यावर सहा घरं आखायची,
काही काळी, काही कोरी.
लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून मी ब्लेडनं साचा कापला.
काळं, कोरं, कोरं, काळं,
श्वास रोखून.
कॅमेऱ्याच्या तोंडात एक बारीक डोळा आहे,
तो एवढंच बघतो.
पुढं कोरलेलं नाव, नंबर, देश
त्याच्या कामाचे नाहीत.

आई सुपात तांदूळ निवडत होती.
"हे तं बिब्ब्याचं काम होय," म्हणाली.

बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा,
तेल सुटलं की कॉलरच्या आत खूण,
वरून चुना.
मालगुजाराचे दोन ठिपके आणि रेघ.
पोस्टमास्तरचा त्रिकोण, एका बाजूनं उघडा.
कंपाउंडरची फुली.
तिला अ येत नव्हता.
एकशे चाळीस घरं येत होती.
वैनगंगेच्या दगडावर सगळा गाव एकात एक कालवून
संध्याकाळी ज्याचा त्याला परत.
आमच्या कपड्यांवर खूण नव्हती.
शेवटी जे उरायचं ते आमचं.

तिच्या अंगठ्यावर बिब्बा उतल्याचा डाग आहे,
बाकी रेषा सोड्यानं नेल्या.
रेशनच्या मशीनवर ती अंगठा ठेवते,
पुसते, पदरानं पुन्हा पुसते, ठेवते.
मशीन विचार करते.
दुकानदार शेंडे तिला चाळीस वर्षं ओळखतो,
पण त्याच्या ओळखीवर तांदूळ मिळत नाही.

पहिल्या वेळी माझं चौथं घर चुकलं.
अठ्ठावीसचं भिंग नव्वदचं झालं
आणि कॅमेरा ठाम.
स्पिरिटनं पुसलं, पुन्हा आखलं.
मग खटकन बसलं, आणि पडद्यावर
अठ्ठावीस.
मी आईला दाखवलं.
तिनं आकडा नाही, माझं तोंड बघितलं.

मार्कर टिकत नाही.
वीसपंचवीस वेळा काढलं-लावलं की
घरं झिजतात, एखादं अर्धं उरतं,
आणि भर मांडवात पुन्हा तीन रेघा.
म्हणून मार्कर खिशात असतो, साचा पाकिटात,
आधार कार्डाच्या मागं.

"पक्की काहून नाही करत?"
पक्की म्हणजे नागपूरला द्यायचं,
मशीनवर खड्डे पाडून त्यात रंग भरून घ्यायचा.
म्हटलं, सरांचं आहे.
"तुले देल्लं ना त्यानं?"
दिलं.
"मंग?"
मी झाकण लावलं.

काल बेटाळ्याला बारसं होतं.
अंगणात तेवीस माणसं एका ओळीत बसवायची,
मागं धानाचं पुंजनं, पुढं कुत्रं.
डाव्या टोकाला एक बाई उभी,
अर्धी खांबाआड, हिरव्या लुगड्यात.
"मी नाही आली तरी चालते," म्हणाली.
म्हटलं, थांबा जरा.
भिंग काढलं, मांडीवर उलटं ठेवलं,
तिसरं घर गेलं होतं,
ते भरलं, फुंकलं.
तेवढ्यात दोन पोरं पळाली, त्यांना धरून आणलं.

घरी आल्यावर मोठं करून बघितलं.
हिरवं हिरवंच आलंय.
माझ्या अंगठ्याला काळं लागलेलं,
साबणानं गेलं.