चार नंबरची हजेरी

फ्राय बेन्तोसमध्ये जुलै म्हणजे कडाका.
नदीवरून धुकं येतं आणि दुकानांच्या पाट्या पुसून टाकतं.
नेलिदा एचेवेरीच्या फोटो स्टुडिओत
मी तिसऱ्यांदा आलो होतो, त्याच तक्रारीसाठी:
सकाळी कॉम्प्युटर उठत नाही.
दुपारी उठतो, कधीमधी. उठला की दिवसभर शहाण्यासारखा वागतो.
"माझ्यासारखंच," ती म्हणाली,
आणि येर्बाचा कडू पेला माझ्यापुढे सरकवला.

पहिल्या खेपेला मी रॅम काढली,
खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले.
दुसऱ्या खेपेला बोर्डावरची बॅटरी बदलली,
बिल लावलं, ताठ मानेनं गेलो.
चोर सोडून संन्याशाला सुळी.
बिचाऱ्या डिस्कलाही मी नाही नाही ते बोललो होतो.

या वेळी काहीच उघडलं नाही.
खुर्ची ओढली आणि पडद्याकडे बघत बसलो,
आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसा,
बडबड न करता.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.
विंडोजच्याही आधी, सगळ्यांच्या आधी
कुणीतरी हजेरी घेत होतं:
शून्य. कुणी नाही.
एक. कुणी नाही.
दोन.
तीन.
चार

आणि तिथंच. कर्सर लुकलुकतोय.
ओळखपत्राच्या फोटोसाठी एक मुलगा
केस ओले करून, भांग पाडून येऊन बसला.
त्याचे केस वाळले.
चार.

"चार नंबरला काय होतं?" मी विचारलं.
तिला नंबरबिंबर ठाऊक नव्हता.
मी मागे हात घातला, तर बोटाएवढी जाड केबल
टेबलाच्या पाठीमागून खाली उतरलेली,
टोकाला काही नाही.
धूळ, आणि एक वाळून गेलेलं झुरळ.

"ती होय? वॉशिंग्टनच्या स्कॅनरची."
धाकटा भाऊ. एका हिवाळ्यात त्यानं
गावाच्या सगळ्या निगेटिव्ह आत घेतल्या:
लग्नं, पहिले दात, मांसाच्या कारखान्यातले कामगार
पांढऱ्या एप्रनमध्ये, रांगेत, कोण कुणाचा ते आता कळत नाही.
मग तो मालागाला गेला.
"स्कॅनर मी भंगारात दिला, नऊ वर्षं झाली.
कार्ड? कसलं कार्ड?"

कार्डाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.
रोज ते सगळ्यांच्या आधी उठतं,
एकेक नंबर पुकारतं, थांबतं, पुढं जातं.
फक्त सातला हाक मारत नाही. सात म्हणजे ते स्वतः.
आणि केबलचं टोक उघडं असलं की
हाक टोकावर आपटून माघारी येते.
थंडीच्या सकाळी
(थंडीच्याच का, ते मला अजून कळलेलं नाही)
ते आपलाच आवाज ऐकतं
आणि समजतं, चारनं ओ दिली.
मग म्हणतं, हं, बोल.
मग वाट बघतं.

एकच स्क्रू होता, तोही गंजलेला.
अकरा सेकंदांत कॉम्प्युटर उठला.
"एवढंच?" नेलिदा म्हणाली.
आधीच्या दोन बिलांचा विषय तिनं काढला नाही,
मी तर मुळीच नाही.

तिनं मुलाची हनुवटी दोन बोटांनी वर केली, फोटो घेतला,
त्यानं डोळे मिटले, पुन्हा घेतला.
मागच्या मोकळ्या फटीला पत्र्याची पट्टी लागते, नाहीतर धूळ जाते.
माझ्याकडे पट्टी नव्हती.
मी फिल्मच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसवला.

"हे टाकू?"
तिनं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं.
मागच्या बाजूला एक चिटोरं चिकटवलेलं,
निळ्या पेनानं, घाईतल्या अक्षरात:
काढू नये. वॉ.

ती हसली, मोठ्यानं. मुलगाही हसला, कशाला ते न कळता.
मग अंगठ्याच्या नखानं तिनं
त्या कागदाचा कोपरा खरवडून बघितला.
निघाला नाही.