नल

रामबागेत एका लग्नाच्या हॉलच्या गच्चीवर
आमचा खांब आहे.
जुगनू भिया कमरेचा पट्टा आवळून वर चढतो,
पॅनेलच्या बुडातून डोकावणारी खुणांची दांडी पकडतो
आणि ओरडतो, "कित्ता, मैडम?"
मी टाकीच्या सावलीत, मांडीवर लॅपटॉप.
"दोन अंश. खाली."

पॅनेलच्या पोटात आठ तुकडे, एकावर एक,
सगळे एकच गोष्ट सांगत असतात.
एकदम सांगितली तर ती सरळ समोर निघते,
छपरांवरून, दुसऱ्याच टॉवरच्या हद्दीत.
म्हणून खालच्यांना शिकवायचं: जरा थांबा.
आरतीत एखादा टाळ मागे पडतो
तसे ते एकेक करून मागे पडतात
आणि लहर वाकते
जे मागे राहिले त्यांच्याकडे.
कॉलेजात हे दीड पानाचं गणित होतं.
मला ते अजून नुसतं गणित वाटत नाही.

आलेख देखणा आला.
मोठी पाकळी भरदार, नेमकी,
इमली बाजारापर्यंत सगळे आकडे हिरवे.
खालच्या बारक्या पाकळ्या मी छाटून टाकल्या,
त्या नुसत्याच सांडत होत्या.
भोपाळहून साहेबांचा अंगठा आला.
जुगनूने खाली उतरून दोन पोहे-जिलेबी मागवली,
पैसे मीच दिले.

सहाव्या दिवशी तक्रार.
शैला गोंधळेकर, डबे पुरवतात.
खांबापासून साठ पावलं.
इतक्या जवळ!
दिव्याखाली अंधार, म्हटलं, आणि गेले.

"घरात कधीच यायची नाही हो रेंज," त्या म्हणाल्या,
कणकेचे हात तसेच,
"पण जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर यायची.
दुसरीवर नाही, चौथीवर नाही.
तिथे डाळीच्या डब्यावर फोन ठेवायचा,
दहाच्या आत पोरं सांगायची, कोण जेवणार, कोण नाही.
भंवरकुव्याची क्लासची पोरं, अकरा.
आता वाजतच नाही.
चौघांनी दुसरीकडे लावलं."

"काकू, तुमच्या जिन्यावर नल पडलाय."
"नल?" त्या हसल्या, "तो तर एक दिवसाआड येतो,
तोही पहाटे."
कसं सांगायचं, की आमच्यात नल म्हणजे
जिथे सगळ्या लहरी येतात
आणि एकमेकींना खोडून काढतात,
गर्दी असते आणि काहीच नसतं.

मी तिसऱ्या पायरीवर बसले.
मीटर उणे एकशे अठरा.
पायरीच्या कडेला डब्याच्या बुडाचं गोल वळ उमटलेलं,
किती वर्षांचं कोण जाणे.
आतून फोडणीचा वास.
मी ज्याला सांडलेलं म्हणत होते
त्यावर अकरा पोरं जेवत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गच्ची.
तिसऱ्या आणि सहाव्या तुकड्याचं वजन थोडं बिघडवलं,
मुद्दाम. खड्डा बुजतो त्याने, थोडासा,
मोठ्या पाकळीचा शेंडा किंचित बसतो.
डीबीचे तीन दशांश.
अहवालात 'कारण' म्हणून एक रकाना असतो.
मी लिहिलं: स्थानिक परिस्थिती.
भोपाळहून अंगठा आला नाही.

जुगनू वर असतानाच खाली कुठेतरी फोन वाजला,
मग शैलाताईंचा आवाज, "हां बोल, किती पोळ्या?"
त्याने खांबावरूनच हात हलवला.
मी हसले. मग लॅपटॉप मिटेना.

खड्डा बुजवला म्हणजे तिथली माती
कुठून तरी आली.
ते तीन दशांश ज्यांच्याकडून घेतले
त्यांची तक्रार अजून आलेली नाही.
येईलच असं नाही.
सगळ्यांनाच कुठे ठाऊक असतं
आपण कुठल्या पायरीवर उभे राहून ऐकत होतो.

"और कुछ, मैडम?"
जुगनू दांडी धरून थांबलाय,
आणि मी इमली बाजाराकडे बघतेय,
एकेका खिडकीकडे.